कंपनीची लायब्ररी किती ठेवायची, किती काढायची? (बेअर मेटल, आरएस-४८५, पंप कंट्रोलर)

रावेर_पॅनल

राम राम मंडळी.

जळगाव एमआयडीसीत आमचं पॅनलचं छोटं वर्कशॉप आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीवाल्यांसाठी पंपाचे कंट्रोलर बनवतो. थ्री फेज आली की मोटार सुरू, एखादा फेज उडाला की बंद, फिल्टरच्या पुढे दाब घसरला की बंद, आणि ड्रीपचे व्हॉल्व्ह पाळीपाळीने. दाबाचा सेन्सर आणि जमिनीतल्या ओलाव्याचे प्रोब आरएस-४८५ वर (दोन तारांची डेटा लाइन) मॉडबस आरटीयूने (एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं अशी ठरलेली भाषा) बोलतात, ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. आत ३२ बिटी कॉर्टेक्स-एम३ चिप आहे, फ्लॅश ६४ केबी. बेअर मेटल, म्हणजे आरटीओएस (चिपवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) नाही, साधा मेन लूप आणि इंटरप्ट (काही घडलं की चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड). चिप चालवायला तिची कंपनी तयार कोडची लायब्ररी देते, प्रश्न तिच्याबद्दल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपांवर मी थोड्याफार फरकाने हेच भोगलंय.

दुखणं असं आहे. मोटारीचा कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच) ओढला की ४८५ च्या लाइनवर नॉइज येतो. शिल्डेड केबल, टर्मिनेशन, कॉइलवर स्नबर, सगळं आहे. तरी कधीतरी एखादा बाइट फाटतोच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सीआरसी (फ्रेमच्या, म्हणजे एका निरोपाच्या, शेवटी येणारा तपासणीचा आकडा) त्यासाठीच ठेवलाय: ती फ्रेम टाका, पुन्हा विचारा. पण लायब्ररीचं इंटरप्टवालं रिसीव्ह फंक्शन ओव्हररन (आधीचा बाइट उचलायच्या आत पुढचा आला) दिसला की रिसीव्हचा इंटरप्ट स्वतःच बंद करतं, स्ट्रक्चरमध्ये एररचा आकडा ठेवतं आणि एररच्या कॉलबॅकला (लायब्ररीने बोलवायचं, आपण लिहायचं फंक्शन) हाक मारतं. तो कॉलबॅक आपण लिहिला नसेल तर लायब्ररीतला रिकामा ‘वीक’ कॉलबॅक चालतो आणि काहीच घडत नाही. कंपनीच्या उदाहरणात पुढचं रिसीव्ह ‘पूर्ण झालं’ या कॉलबॅकमधून पुन्हा लावलंय. एरर आली की तो कॉलबॅक येतच नाही. तिथून पुढे पोर्ट बहिरं. मेन लूप फिरतोय, वॉचडॉग (कोड अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) समाधानी आहे, एलईडी लुकलुकतोय, आणि सेन्सरचं एक अक्षर आत येत नाही.

मॅन्युअलमध्ये या फंक्शनखाली काय लिहिलंय? ‘इंटरप्ट पद्धतीने ठरावीक डेटा घेते.’ फंक्शनच्या नावाचं वाक्य केलंय, बस. एरर आल्यावर काय अवस्था राहते, पुन्हा कोणी लावायचं, ट्रान्समिट चालू असताना बोलावलं तर ‘बिझी’ का परत येतं, याबद्दल अवाक्षर नाही. हे सगळं मला लायब्ररीचा सोर्स उघडून, एकात एक गुंतलेले मॅक्रो सोडवत बसून कळलं.

हे बागेत घडतं तेव्हा काय होतं ते सांगतो. सेन्सर बोलेनासा झाला की कंट्रोलर मोटार थांबवतो, आणि ते बरोबरच आहे. पण शेतीची लाइट रात्रीची असते. शेतकरी घरी झोपलेला. सकाळी सहाला जाऊन बघतो तर अख्ख्या रात्रीची लाइट वाया गेलेली आणि बागेला पाणी नाही. मे महिन्यात, घड बाहेर पडत असताना, पाण्याची पाळी हुकणं म्हणजे काय ते इथे कोणाला सांगायला नको. त्या माणसाला मी ‘लायब्ररीचं असं आहे’ म्हणून सांगू शकत नाही, आणि सांगूही नये.

माझे पार्टनर म्हणतात लायब्ररी ठेव, एरर कॉलबॅक लिही, विषय संपव. उद्या नवीन पोरगा कामाला लागला तर त्याला लायब्ररी येत असेल, तुझे रजिस्टर (चिपचे भाग थेट चालवायला ज्यांत बिट लिहायचे-वाचायचे ती खाती) येणार नाहीत. त्यांचं अगदीच चूक नाही. पण आता प्रत्येक फंक्शनबद्दल मनात शंका आहे की याच्या पोटात अजून काय दडलंय. सगळी लायब्ररी काढून रजिस्टरवर उतरावं का? ज्यांनी केलंय त्यांनी कुठे रेघ मारली?

---

भुसावळ_८०५१

भाऊ, मी ८०५१ या जुन्या ८ बिटी चिपपासून या कामात आहे. ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम. तेव्हा लायब्ररी नव्हतीच. अख्खी चिप एका पातळ डेटाशीटमध्ये मावायची आणि टायमर कसा चालतो हे डोक्यात बसायचं. आजच्या चिपचं रेफरन्स मॅन्युअल हजार पानांच्या पुढे जातं, म्हणून कंपनी लायब्ररी देते. तिथपर्यंत ठीक आहे. माझा राग यावर आहे की लायब्ररी देऊन मॅन्युअल लिहिण्याची जबाबदारी संपली असं त्यांनी धरलंय. रेफरन्स मॅन्युअल सांगतं ‘हा बिट असा आहे’. लायब्ररीचं मॅन्युअल सांगतं ‘हे फंक्शन बोलवा’. मधला भाग, म्हणजे कुठल्या क्रमाने, किती वेळात, आणि बिघडलं तर काय, तो दोघांतही नसतो. आणि आपण कामाला बसतो ते नेमकं तिथेच.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने बांधलेलं पॅनल आहे, सोबत वायरिंग डायग्राम नाही. दिवा लावण्यापुरतं कोणी त्यात हात घालणार नाही. पण मोटार त्यावर चालणार असेल तर मी प्रत्येक वायर हाताने ओढून बघेन.

मी रेघ अशी मारतो. कंपनीची हेडर फाइल, ज्यात रजिस्टरचे पत्ते आणि बिटांची नावं असतात, ती ठेवायची. ती हाताने टाइप करण्यात शहाणपण नाही. एआरएमचं (कॉर्टेक्स कोअर, म्हणजे चिपमधला प्रोसेसर, त्यांचा) सीएमसिस हा कोअरसाठीचा कोड ठेवायचा. तो २००८ पासून आहे, पातळ आहे, इंटरप्ट चालू-बंद करण्यासारख्या कोअरच्या गोष्टी नीट देतो. स्टार्टअप फाइल आणि लिंकर स्क्रिप्ट (कोड मेमरीत कुठे बसेल ते सांगणारी फाइल) ठेवायची, पण एकदा ओळ न ओळ वाचून. व्हेक्टर टेबलचा (फ्लॅशच्या सुरुवातीची पत्त्यांची यादी) पहिला शब्द स्टॅक पॉइंटर, दुसरा रिसेट हँडलरचा पत्ता. रिसेट हँडलर फ्लॅशमधले सुरुवातीचे आकडे रॅममध्ये आणतो, उरलेली जागा शून्य करतो, मग मेन. एवढं समजलं की अर्धी भीती जाते.

ज्याच्यावर शेतकऱ्याचं पाणी अवलंबून आहे, ते सगळं स्वतःचं. तुमच्या बाबतीत यूएआरटी (सिरिअल पोर्ट), टायमर, जीपीआयओ (साध्या पिना), वॉचडॉग आणि फेज बघणारा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग). प्रत्येकाचा ड्रायव्हर दोन-तीनशे ओळींच्या वर जात नाही. पोर्टचा इंटरप्ट एवढंच करेल: स्टेटस वाच, डेटा वाच, एरर असेल तर मोजणीत एक वाढव, नसेल तर बाइट रिंग बफरमध्ये (गोल फिरणाऱ्या रांगेत) टाक. कुठल्याही परिस्थितीत स्वतःला बंद करणार नाही. मॉडबसची फ्रेम कुठे संपली हे ठरवायचं काम साडेतीन अक्षरांच्या शांततेचं. ९६०० बॉडवर अकरा बिटांचं अक्षर धरलं तर ती साधारण ४ मिलिसेकंद येते. ते टायमरकडे द्या.

लायब्ररी फेकू मात्र नका. ती बाजूला उघडी ठेवून वाचा. कंपनीच्या माणसाला जे माहीत होतं पण मॅन्युअलमध्ये आलं नाही, ते तिच्यात सापडतं. काही चिपांत पेरिफेरलचा (यूएआरटी, टायमर असा चिपमधला भाग) क्लॉक चालू केल्याबरोबर त्याच्या रजिस्टरात लिहिलं तर ते लिखाण हरवतं. लायब्ररीच्या मॅक्रोमध्ये क्लॉक चालू केल्यावर तेच रजिस्टर एकदा उगाच वाचल्यासारखं दिसेल. ते उगाच नाही, त्या दोन-चार सायकलींसाठी आहे. अशा ओळी उचला आणि शेजारी मराठीत कॉमेंट लिहून ठेवा की ही का आहे.

---

धुळे_एम्बेडेड_ताई

मी धुळ्यात डिप्लोमाच्या मुलांना हाच विषय शिकवते, म्हणून कागदपत्रांबद्दल बोलते. मुलं गूगलवर उदाहरण शोधतात, ते लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीचं निघतं, फंक्शनचं नाव बदललेलं असतं, आणि दोन तास कंपाइल एररशी भांडण्यात जातात. कोड जनरेटरवाल्यांचं आणखी एक: ‘इथेच तुमचा कोड लिहा’ अशा खुणांच्या बाहेर मुलाने एक ओळ लिहिली की पुढच्या जनरेशनला ती गायब. मूल स्वतःला दोष देतं. दोष त्याचा नसतो.

चिपची माहिती एका ठिकाणी नसते, हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. डेटाशीटमध्ये पिना, व्होल्टेज, करंट, तापमान. रेफरन्स मॅन्युअलमध्ये पेरिफेरल. कोअरचं, म्हणजे एनव्हीआयसी (इंटरप्ट सांभाळणारा भाग), सिसटिक (कोअरचा स्वतःचा टायमर), स्टॅक यांचं सविस्तर वर्णन बऱ्याचदा तिसऱ्याच पुस्तकात किंवा थेट एआरएमच्या कागदांत. आणि चौथा कागद एराटा शीट. चिपमध्येच काय चुकलंय याची कंपनीने स्वतः दिलेली कबुली. मी तर म्हणेन चिप विकत घ्यायच्या आधी एराटा वाचा. तुम्हाला जे पेरिफेरल लागणार आहे तेच त्यात असेल आणि उपाय म्हणून ‘वापरू नका’ लिहिलेलं असेल, तर ते पीसीबी छापण्याआधी कळलेलं बरं. चिपवर छापलेला रिव्हिजनचा कोड आणि एराटामधला रिव्हिजन जुळवून बघा. हे कोणी करत नाही.

इंटरप्टच्या प्रायॉरिटीवर मुलं हमखास अडकतात. कॉर्टेक्स-एममध्ये आकडा लहान तितका इंटरप्ट तातडीचा. शिवाय प्रायॉरिटीचं खातं आठ बिटांचं असलं तरी कंपनी त्यातले वरचे काही बिटच चिपमध्ये ठेवते. चार ठेवले तर सोळा पातळ्या. आता लायब्ररीचं मिलिसेकंदवालं डिले फंक्शन घ्या. ते सिसटिकच्या इंटरप्टमध्ये वाढणारा आकडा बघत थांबतं. सिसटिकच्या बरोबरीच्या किंवा त्याहून तातडीच्या इंटरप्टमधून ते डिले बोलावलं, तर सिसटिक आत शिरूच शकत नाही, आकडा वाढत नाही आणि चिप तिथेच उभी. कंपनीच्या काही इनिशिअलायझेशन फंक्शनांच्या पोटातही याच आकड्यावर चालणारा टाइमआउट असतो. ती अशा इंटरप्टमधून बोलावली की तो टाइमआउट कधीच संपत नाही. फंक्शनच्या वर एक ओळ लिहिली असती, ‘इंटरप्टमधून बोलावू नका’, तर किती मुलांचे प्रोजेक्ट वाचले असते.

आणि रावेर_पॅनल, डीबगरमध्ये पेरिफेरल रजिस्टरांची खिडकी उघडी ठेवून यूएआरटी तपासू नका. डीबगरने डेटा रजिस्टर वाचलं की चिपच्या दृष्टीने बाइट वाचला गेला. फ्लॅग (‘बाइट आला’ सांगणारा बिट) उतरतो, कोडला बाइट मिळत नाही, आणि बघता क्षणी दोष नाहीसा किंवा नवीन दोष तयार. फ्लॅग बघायचे असतील तर इंटरप्टमध्ये स्टेटसची प्रत रॅममध्ये ठेवा आणि ती प्रत बघा.

---

रावेर_पॅनल

काका, ताई, मनापासून धन्यवाद. डीबगरच्या खिडकीने मला काय काय खोटं दाखवलं असेल ते आता लक्षात येतंय.

काका, पाठवण्याच्या बाजूबद्दल विचारतो. मी डीएमएने (कोअरला न गुंतवता डेटा हलवणारा चिपमधला भाग) फ्रेम पाठवतो आणि ‘ट्रान्सफर पूर्ण’ या इंटरप्टमध्ये मॅक्स-४८५ (४८५ ची लाइन चालवणारी चिप) चा डीई पिन (लाइनवर बोलणारा ड्रायव्हर चालू-बंद करणारा) खाली ओढतो. बहुतेक सेन्सर बरोबर उत्तर देतात, एक जण कधी कधी गप्प बसतो. मॅन्युअलमध्ये तर ‘पूर्ण’ असंच लिहिलंय.

---

भुसावळ_८०५१

तो ‘पूर्ण’ डीएमएचा आहे, वायरचा नाही. डीएमएचं काम शेवटचा बाइट यूएआरटीच्या डेटा रजिस्टरात ठेवला की संपतं. त्या क्षणी त्याच्या आधीचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून (एकेक बिट लाइनवर ढकलणारं) अजून बाहेर पडत असतो आणि शेवटचा त्याच्या मागे रांगेत असतो. म्हणजे जवळजवळ दोन अक्षरं लाइनवर जायची बाकी आहेत. ९६०० ला एक अक्षर १ मिलिसेकंदाहून थोडं जास्त, म्हणजे दोन मिलिसेकंदांचं काम बाकी असताना तुम्ही ड्रायव्हर बंद करताय. आणि शेवटची दोन अक्षरं कुठली? नेमकी सीआरसीची. काही सेन्सर बोलतात ते बहुधा तुमचा इंटरप्ट उशिरा लागतो म्हणून, किंवा लाइनवरच्या बायसमुळे (कोणी बोलत नसताना लाइन एका बाजूला धरणारे रेझिस्टर) तुटलेले बिट नशिबाने बरोबर वाचले जातात म्हणून. त्यावर माल विकू नका.

करायचं असं: डीएमए संपला की त्याच्या इंटरप्टमध्ये यूएआरटीचा ‘ट्रान्समिशन कम्प्लीट’ (टीसी) इंटरप्ट चालू करा. ‘डेटा रजिस्टर रिकामं’ हा फ्लॅग वेगळा, तो इथे चालणार नाही. शिफ्ट रजिस्टर रिकामं होऊन शेवटचा स्टॉप बिट गेला की टीसी लागतो, डीई तिथे खाली ओढा. आणि डीएमए सुरू करण्याआधी जुना टीसी पुसा, नाहीतर मागच्या फ्रेमचा उभा असलेला फ्लॅग तुम्हाला लगेच खोटं सांगेल.

उशीरही चालत नाही. सेन्सर साडेतीन अक्षरांच्या शांततेनंतर लगेच बोलू शकतो, म्हणून डीई मेन लूपच्या भरवशावर सोडू नका. मेन लूपमध्ये एलसीडीला लिहिताना चार मिलिसेकंद सहज जातात. नव्या पिढीच्या काही चिपांत डीई यूएआरटी स्वतः सांभाळतो. पुढच्या डिझाइनला तशी चिप मिळाली तर घ्या.

अजून एक. इंटरप्टमध्ये फ्लॅग पुसायचा तो पहिल्या ओळीत पुसा. शेवटच्या ओळीत पुसला तर ते लिखाण बसवरून पेरिफेरलपर्यंत पोचायच्या आत कोअर बाहेर पडू शकतो आणि तोच इंटरप्ट पुन्हा लागतो. शेवटीच पुसणं भाग असेल तर मागे डीएसबी (आधीचं लिखाण पूर्ण होईपर्यंत कोअरला थांबवणारी सूचना) टाका.

---

नवापूर_फर्मवेअर

भाऊ, तुना प्रश्न चांगला शे. पण मी थोडं उलट बाजूने बोलतो.

२०२१ मध्ये चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या बोर्डावरची चिप बाजारात मिळेना, मिळाली तर कैकपट भावाने, आणि तीही खरी की घासून छापलेली याचा भरवसा नाही. आम्हाला दुसऱ्या कंपनीची चिप घ्यावी लागली. ज्या प्रॉडक्टमध्ये रजिस्टर थेट मेन लूपमध्ये लिहिले होते, ते सगळं उकरावं लागलं. लायब्ररीवाल्या कोडमध्ये निदान कुठे काय आहे ते दिसत होतं. त्यामुळे ‘रजिस्टरवर उतरा’ हा सल्ला अर्धाच द्यायला नको.

दुसरं, यूएसबी किंवा इथरनेट लागलं तर कृपा करून स्वतः लिहायला बसू नका. तिथे कंपनीचं घ्या, नाहीतर झेफिरसारखं (ओपन सोर्स आरटीओएस) काही घ्या. झेफिर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे, बऱ्याच कंपन्यांच्या चिपा त्यात आहेत आणि ड्रायव्हरचं तोंड सगळीकडे सारखं. लिबओपनसीएम३ ही ओपन सोर्स लायब्ररी पण आहे, पण त्याचं लायसन्स एलजीपीएल आहे. माल विकणार असाल तर आधी लायसन्स नीट वाचा.

---

भुसावळ_८०५१

नवापूरकरांचं म्हणणं मान्य आहे. यूएसबी मीही लिहीत नाही. मेन लूपमध्ये रजिस्टर दिसता कामा नयेत, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

रावेर_पॅनल, वरच्या थराला पाच-सहा फंक्शन पुरतात: पोर्ट उघड, फ्रेम पाठव, बाइट आहे का बघ, आता किती मिलिसेकंद झाले, पिन वर-खाली. मॉडबस, मोटारीचं लॉजिक, व्हॉल्व्हच्या पाळ्या, सगळं त्या फंक्शनांवर चालेल आणि चिप कुठली हे त्यांना माहीत नसेल. चिप बदलली तर खालची एक फाइल पुन्हा लिहायची. वरचा कोड लॅपटॉपवरही कंपाइल होतो. फाटलेला बाइट, उशिरा आलेलं उत्तर, अर्धी फ्रेम, हे सगळं टेबलावर बसून मुद्दाम देऊन बघता येतं, त्यासाठी रावेरला कॉन्टॅक्टर ओढायला जायला नको. तुमच्या पार्टनरला हे दाखवा. नवीन पोराला रजिस्टर आले नाहीत तरी वरचं सगळं वाचता येईल.

आणि त्या खालच्या फाइलीत प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर, कंपनीने जे लिहिलं नाही ते लिहा: किती वेळ अडवतं, इंटरप्टमधून चालतं का, एरर आली तर काय अवस्था राहते.

---

रावेर_पॅनल

टीसीवाला बदल करून बघितला. लॉजिक अ‍ॅनालायझरवर डीई आता स्टॉप बिटच्या नंतर उतरताना स्वच्छ दिसतोय, आणि गप्प बसणारा प्रोब बोलायला लागला. रिसीव्ह इंटरप्ट स्वतःचा लिहायला घेतलाय. एररची मोजणी एलसीडीच्या एका पानावर दाखवणार आहे, म्हणजे कुठल्या बागेत नॉइज किती आहे ते वायरमनलाही दिसेल.

ताई, एक शेवटचं. खर्च वाचवायला आम्ही क्रिस्टल (चिपला क्लॉक देणारा बाहेरचा भाग) काढून चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर जायचा विचार करतोय. डेटाशीटमध्ये २५ अंशाला एक टक्का लिहिलंय. चालेल ना?

---

धुळे_एम्बेडेड_ताई

२५ अंशाचा आकडा बघू नका, त्याच टेबलात खाली पूर्ण तापमानाच्या रेंजचा आकडा असतो, तो बघा. तो एक टक्क्याहून मोठा निघेल. भुसावळ-रावेरकडे मेमध्ये सावलीतच ४५ च्या वर पारा जातो. तुमचा पत्र्याचा डबा विहिरीजवळ उन्हात, आत ट्रान्सफॉर्मर आणि कॉन्टॅक्टर गरम.

हिशोब असा. यूएआरटी स्टार्ट बिटपासून मोजायला लागतो आणि दहा बिटांच्या अक्षरात शेवटचा स्टॉप बिट साडेनऊ बिटांनंतर वाचतो. तिथे अर्ध्या बिटाहून जास्त सरकलं तर अक्षर चुकलं. म्हणजे दोन्ही टोकं मिळून कागदावर पाच टक्के, आणि सॅम्पलिंगची चूक, केबलमुळे गोल झालेल्या कडा धरल्या तर हातात साडेतीन-चारच्या आसपास. त्यातलं सेन्सरच्या आतला ऑसिलेटर किती खातो ते तुम्हाला माहीत नाही, कारण त्याच्या कागदात ते लिहिलेलं नसतं. तुमचे अडीच आणि त्याचे दोन, विरुद्ध दिशेला गेले की दुपारी दोन वाजता बंद आणि रात्री टेबलावर सगळं ठीक.

क्रिस्टल ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० ची चूक) घेतलात तरी चूक ०.००५ टक्के. क्रिस्टल ठेवा. दोन कपॅसिटर डेटाशीटमधल्या लोड कपॅसिटन्सवरून काढा, दुसऱ्या बोर्डावरून उचलू नका. आणि क्रिस्टल सुरूच झाला नाही तर आतल्या ऑसिलेटरवर उतरून मोटार बंद ठेवणारा कोड स्टार्टअपमध्ये टाका. कंपनीचं उदाहरण तिथे बहुतेक वेळा रिकाम्या लूपमध्ये अडकून बसतं.